दीवाने, परवाने आणि तुम्ही

म्युनिक, रविवार

ती. आई-बाबा,

कुकर होईपर्यंत लिहिते. पार्सल मिळालं. मेतकूट सुखरूप, लाडवांचा चुरा, चमच्याने खातोय.

आई, काल फोन उचलला नाही म्हणून तू काकूलासुद्धा झोपेतून उठवलंस म्हणे! अगं, गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. ‘ठ’ आला, हे अडले, मी ओरडले आणि खालच्या आजींनी बेल वाजवली. इथे रात्री दहानंतर शांतता पाळायची. रविवारी तर भिंतीत खिळा ठोकायचीही सोय नाही.

बाबा, तुम्ही रेडिओच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरायचात ना? इथे रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. तीन महिन्यांचे ५५.०८ एकदम भरले. आमच्याकडे टीव्हीच नाही, असं कळवलं. तर नसला तरी भरा, घर आहे ना! रुपयांत हिशेब करू नका, आधी बीपीची गोळी घ्या.

एवढ्या पैशांत अन्नू कपूर दिसला असता तर हूं की चूं केलं नसतं. सोसायटीच्या गणपतीत अंताक्षरी काकू घेणार, हे वाचून धडकीच भरली. तिला सांगा, १९९३ साली झी टीव्हीवरच्या ‘अंताक्षरी’त अन्नू कपूर आला तो नुसता माईक धरायला नव्हे. सिनेमा, गीतकार, संगीतकार तोंडपाठ, वर स्वतः गाऊनही दाखवायचा. काकू तर समोरच्याला मुखडा सुचवून स्वतःच गुण देते.

आणि बाबा, त्याच कार्यक्रमातली दुर्गा जसराज व्ही. शांतारामबापूंची नात, म्हणून ‘आपल्या पुण्याचीच’, हे तुमचं पुन्हा सुरू झालं का? बापू १९४२ सालीच ‘प्रभात’ फिल्म कंपनी सोडून मुंबईला गेले, असं मी दरवेळी सांगते. पुण्यातून गेलेला पुण्याचाच, असं तुम्ही दरवेळी म्हणता. हल्ली मी वाद घालत नाही. तो नियम आम्हालाही लावा, म्हणजे झालं.

इथे भेंड्यांत त्या कार्यक्रमासारख्याच टीम: हे आणि आमचा थोरला दीवाने, मी आणि आमची धाकटी परवाने. मस्ताने टीमच नाही. पुढच्या रविवारी आमचे चार, म्हणजे तुमचे साडेसात वाजता, फोनवर बसा. बाबा हळू गाणार नाहीतच. मी खिडक्या लावून घेईन.

तुमची,
धाकटी

ता. क. काकूकडे माईक द्या, गुणांची वही मात्र आईकडेच ठेवा.