सफाळ्याच्या एसटीत राजीव

गौतम मेनन यांच्या 'मिन्नले' (2001) या तमिळ चित्रपटाचे शैक्षणिक योगदान दुर्लक्षित राहिले, याची आम्हांस खंत वाटते. कॉलेजात हाडवैर, पुढे एका मुलीवर प्रेम, आणि ते मिळवण्याचा सरळ मार्ग: तिने लहानपणानंतर न पाहिलेल्या, अमेरिकेतल्या नियोजित वराचे, म्हणजे राजीवचे, नाव घेऊन तिच्या घरी जायचे. वर नेमका कॉलेजातला तोच वैरी. त्याच वर्षी 'रहना है तेरे दिल में'ने ही पद्धत हिंदीतही सिद्ध केली. दोन्हीकडे नायक माधवन, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. (हा विषय त्याने बाहेरून केला असावा.)

पोलीस याला तोतयागिरी म्हणतात. मागे हॅरिस जयराज यांचे संगीत असले की कलम बदलते.

मग ही सवलत फक्त प्रेमापुरती का? दातिवऱ्याच्या पोरांनी परीक्षेलाही हुशार मित्राच्या नावाने बसावे, एसटीचा पासही त्याचाच दाखवावा. विद्यापीठाने फक्त पाऊस आणि व्हायोलिनची सोय करावी.

प्रात्यक्षिकासाठी सकाळची सफाळ्याची एसटी उत्तम. खिडकीपाशी मुलगी, शेजारी आपला नायक. केस सारखे करून तो म्हणतो, "मी राजीव. कालच अमेरिकेहून आलो."

मागच्या सीटवरून, पाटीवरचा हात न काढता मावशी विचारतात, "मग काल माझ्याकडून उधारीवर बोंबील कोणी नेले रे?"

कंडक्टरने मुलीकडे पाहिले आणि राजीवला सांगितले, "पुढे सरक. तुझे बाबा चढतायत."