मागच्या आवृत्तीचा मामा

संगणकात नवं काही घालणं अगदी सोपं असतं, असं सांगणारी माणसं पुण्यात राहतात. माझा भाचा त्यांतलाच. "मामा, एक ओळ टाइप कर, पिप इन्स्टॉल, झालं!"

हौस माझीच होती. आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या जुन्या आकड्यांचा आलेख काढायचा होता. ते आकडे वाचणारं पाइथनचं एक छोटं पॅकेज मिळालं. बसलं निमूट, पण चालवताच पडद्यावर तांबडी अक्षरं धो धो वाहू लागली. तळाशी तक्रार: नमपाय या पाइथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजमध्ये 'फ्लोट' नावाचं काही नाही.

भाचा म्हणाला, "ते १.२४ आवृत्तीत काढलं रे. जुनं नमपाय घाल."

जुनं घालू गेलो, तर पाइथन ३.१२ अडून बसला. ते नमपाय ज्या डिस्ट्युटिल्स नावाच्या अवजाराच्या जोरावर बांधलं जायचं, तेच त्याने घराबाहेर काढलेलं.

"मग पाइथन ३.१० घाल. पण नव्याला हात लावू नकोस हं, एन्व्हायर्नमेंट वेगळी कर." म्हणजे घर एक, चूल वेगळी. आतून आवाज आला, "जेवायला येताय, की तुमचीही चूल वेगळी?"

भात गिळताना नमपायवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. नंतर कळलं, त्यांनी जानेवारी २०२१पासून इशारा दिला होता आणि 'फ्लोट' काढलं डिसेंबर २०२२मध्ये. जवळजवळ दोन वर्षांची मुदत! पण इशारे वाचतो कोण? आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत गेलेले पाहुणे भरतीची वेळ वाचतात तितकेच.

मुदत बघून नानाभॉय मूस आठवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया थयथयाट करणार, हे या संचालकांनी वेळीच ओळखलं. ट्राम धावली १९०७मध्ये. अलिबागला लोखंड वर्ज्य करून बांधलेली वेधशाळा १९०४मध्येच कामाला लागली होती. तरी कुलाब्याला लगेच टाळं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, आकड्याला आकडा ताडून पाहिला. म्हणून १८४१पासूनचा धागा तुटला नाही. दोन वर्षं त्यांनीही घेतली आणि नमपायनेही. फरक इतकाच, की मूससाहेबांनी जुळवाजुळव स्वतः केली. नमपायने ती गावोगावच्या मामांवर सोपवली.

आलेख निघाला एकदाचा. चुंबकीय वादळाच्या दिवशी रेघ कशी धाडकन खाली येते, ते बायकोलाही दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी भात गार केलात?"

भाच्याला फोन केला, तर तो उत्साहात: "मामा, नमपाय २ केव्हाच आलंय, जून २०२४मध्ये! टाकतोस ना?"

"टाकतो की. पण जुनं हलणार नाही. दोन वर्षं दोघांनी शेजारी शेजारी नांदायचं, आकडे जुळले तर पुढचं बघू."

"दोन वर्षांत तिसरं येईल रे!"

"येऊ दे. चुली भरपूर आहेत."