सैतान आणि त्याचे भाविक

जव्हार-मोखाड्याकडच्या राक्षसांचं एक बरं असतं, ते वेळेवर येतात. उन्हाळ्यात खोडाळ्याच्या आसपास बोहाड्याचे उत्सव सुरू झाले की रावण, त्राटिका, महिषासुर संबळ-सनईवर रात्रभर नाचतात. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, आत गावातलाच कुणीतरी. देवीनं महिषासुराला लोळवलं की लोक घरी जाऊन झोपतात. पोलिसांत तक्रार नाही.

अमेरिकेला ही सोय नव्हती. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर मुलांच्या छळाचे आरोप झाले. पाठोपाठ सैतानपूजा, गुप्त भुयारं. खटले 1990 पर्यंत रेंगाळले, दोषी एकही ठरला नाही. आणि खरेखुरे सैतानवादी? अँटन लाव्हे यांनी 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेल्या ‘चर्च ऑफ सेटन’चे अनुयायी स्वतःला नास्तिक म्हणवतात, सैतान त्यांना प्रतीकापुरता लागतो. त्याच्या अस्तित्वावर गाढ श्रद्धा होती ती घाबरणाऱ्यांचीच.

महाराष्ट्रानं मात्र फार हसू नये. इथे मुखवटा नसलेल्या बाईलाही भुताळी ठरवून मारहाण झालेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत साक्षात सैतानाला जागा मिळाली: एखादी व्यक्ती सैतान किंवा सैतानाचा अवतार आहे असं जाहीर करणं हा गुन्हा, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. मुळात सैतान आहे की नाही, यावर कायदा काही बोलत नाही. वकिलांसाठी तेवढं काम राखून ठेवलं असावं.