ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर

२००८ सालच्या जानेवारीत अमेरिकेत एक टी-शर्ट शंभर डॉलरला निघाला. तो अंगात घालणारी व्यक्ती एका अल्बमची 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर' आहे, असं त्यावरून जगाला कळणार होतं. अल्बम मात्र तेव्हा कुठेच नव्हता. रेकॉर्डिंग व्हायचं होतं, सीडी छापायच्या होत्या, आणि त्यासाठी लागणारे पैसे तर नव्हतेच. पैशांसाठीच हा टी-शर्ट होता. तरी लोक पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर एक नवा सामाजिक प्राणी नीट नजरेत भरला: गाणं व्हायच्या आधीच त्याची किंमत मोजून बसलेला श्रोता. याला नुसता रसिक म्हणता येत नाही. रसिक तिकीट काढतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. हा घरी जात नाही.

गायिकेचं नाव जिल सोब्यूल. मूळची डेन्व्हरची. गिटार घेऊन एकटी उभी राहायची आणि गोड, काहीशा बालिश आवाजात अतिशय तिखट बोलायची. १९९५ मध्ये तिचं 'आय किस्ड अ गर्ल' गाजलं, त्याच वर्षी 'क्लूलेस' या सिनेमात तिचं 'सुपरमॉडेल' वाजलं. एवढ्यावर एखादीचा बंगला झाला असता. हिच्या नशिबात रेकॉर्ड कंपन्या आल्या. 'एमसीए'ने १९९० साली पहिला अल्बम काढला आणि नारळ दिला. 'अटलांटिक'ने दोन अल्बम काढले आणि नारळ दिला. मग ती दोन लहान कंपन्यांकडे गेली, तर त्या कंपन्याच एकामागून एक बंद पडल्या. म्हणजे मोठ्यांनी हिला सोडलं आणि लहानांनी जगच सोडलं.

हा इतिहास आपल्या श्रोत्याला तोंडपाठ असतो. तो सांगताना प्रत्येक कंपनीच्या नावाशी तो किंचित थांबतो, सुनेचे हाल सांगताना माहेरचा माणूस थांबतो तसा.

शेवटी जिलने चाहत्यांकडेच पदर पसरला, तोही हसत हसत. ७५ हजार डॉलर हवे होते. त्या वेळच्या भावाने साधारण तीस लाख रुपये. त्यासाठी तिने देणगीची उतरंड लावली. सगळ्यात खाली दहा डॉलरचा 'अनपॉलिश्ड रॉक', म्हणजे बिनघासलेला दगड: अल्बम आला की डाउनलोड करून घ्या. त्यावर पंचवीसचा घासलेला दगड: सीडी इतरांच्या आधी घरी. पन्नास डॉलरला सीडीवर आभार. शंभरला तो टी-शर्ट. पाचशेला अल्बमच्या शेवटच्या गाण्यात नाव, जमलं तर यमकासकट. हजार डॉलरला खास तुमच्यावर गाणं. पाच हजारला ती तुमच्या घरी येऊन मैफल करणार. आणि हा व्यवहार फायद्याचा आहे, पाहुण्यांकडून पैसे घेऊन यजमान खर्च वसूल करतात, असा सल्लाही तिने प्रामाणिकपणे देऊन ठेवला होता. शिखरावर दहा हजारांचं 'वेपन्स-ग्रेड प्लुटोनियम': अणुबाँबच्या दर्जाचं दान. हे देणाऱ्याने स्टुडिओत येऊन अल्बममध्ये गायचं. गाता येत नसलं तरी हरकत नाही, ते आम्ही दुरुस्त करू, आणि अगदीच नाही तर गाईच्या गळ्यातली घंटा वाजवा.

यातली खरी कलाकृती साडेसातशे डॉलरची पायरी होती. तिथे मिळणार होतं ते पाचशेच्या पायरीवरचंच, फरक एवढाच की तुम्ही जास्त पैसे द्यायचे. ही ओळ वाचून जो हसला तो चाहता. हसता हसता ज्याचा हात पाकिटाकडे गेला, तो आपला माणूस.

ठरलेली रक्कम दोन महिन्यांच्या आत जमली. लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणारं 'किकस्टार्टर' हे संकेतस्थळ निघायला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता. त्याचा जन्म २००९च्या एप्रिलमधला, आणि जिलचा 'कॅलिफोर्निया इयर्स' हा अल्बमही त्याच महिन्यात आला. हा योगायोग आपला श्रोता योगायोग मानत नाही. "ही कल्पना आमची," असं तो म्हणतो. या 'आमची'कडे लक्ष ठेवावं. दहा डॉलर भरेपर्यंत तो 'तिचा अल्बम' म्हणत होता. कार्डावरून पैसे वळते झाल्याक्षणी व्याकरण बदललं.

घरी मात्र हे व्याकरण चालत नाही.

"शंभर डॉलर? मग विक्रीतला हिस्सा किती मिळणार?" बायको विचारते.

"हिस्सा नाही."

"पैसे परत कधी?"

"परत नाही."

"म्हणजे कंपनीपेक्षा तू बरा. कंपनी निदान वसूल तरी करते."

बायकोचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. रेकॉर्ड कंपनी कलाकाराला उचल देते ती कर्जासारखी. रॉयल्टीतून ती वळती होईपर्यंत कलाकाराच्या हाती फारसं काही पडत नाही, आणि मूळ रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचं राहतं. देणगीदाराला यातलं काही नको असतं. मालकी नको, टक्केवारी नको, व्याज नको. त्याला नाव हवं असतं. आणि हे जुनंच दुखणं आहे. १७९५ साली बेथोव्हेनने आपली पहिली तीन पियानो-त्रिकुटं व्हिएन्नात छापली तेव्हा १२३ जणांनी २४१ प्रती आधीच नोंदवल्या होत्या, आणि नोंदवणाऱ्यांची यादीही सोबत छापली होती. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीही आश्रयदात्यांची नावं गावासकट छापलेली सापडतात. कित्येक प्रतींत त्याच पानाच्या कडा जास्त मळलेल्या असतात, असा आपला एक संशय.

सीडी टपालाने येते तो दिवस. पाकीट कात्रीने, सरळ रेषेत कापलं जातं. एरवी हाच माणूस विजेचं बिल दातांनी फाडतो. डबी उघडते. चकती खाटेवर पडून राहते, पुस्तिका हातात येते. संगीतकाराची सही कुठे, छायाचित्र कोणाचं, हे नंतर. आधी चष्मा. मग बारीक टायपातल्या नावांवरून बोट खाली सरकायला लागतं. आडनावात एक 'एल' की दोन, याबद्दल त्याने आधीच पत्र पाठवलेलं असतं, आठवण म्हणून दुसरंही पाठवलेलं असतं. बोट थांबतं. नाव बरोबर आहे. तो पुस्तिका मिटतो, पुन्हा उघडतो आणि आणखी एकदा खात्री करून घेतो. एवढं झाल्यावर त्याला आठवतं की यात गाणीही आहेत.

गाणी खरोखर चांगली आहेत, हे इथे सांगून टाकायला हवं. निर्माता डॉन वॉज. बॉनी रेटच्या 'निक ऑफ टाइम'ला ग्रॅमीत वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला तो याच माणसाच्या हाताखाली, आणि रोलिंग स्टोन्सचंही काम त्याने केलेलं. 'व्हेअर इज बॉबी जेन्ट्री?' हे गाणं १९६७ मध्ये एका गाण्याने अमेरिका वेडी करून पुढे लोकांच्या नजरेतून पार नाहीशी झालेल्या गायिकेला शोधत निघतं. प्रसिद्धीची चव घेतलेल्या आणि मग कंपन्यांनी दारं लावलेल्या बाईने ते गावं, यातला चिमटा तिने कुठेही समजावून सांगितलेला नाही. 'पाम स्प्रिंग्ज'मध्ये वाळवंटातल्या त्या गावाची सफर आहे. जिलचा विनोद असा असतो की ओठ हसायला सुरुवात करतात आणि मध्येच कळतं, हे आपल्याबद्दल चाललंय.

आपला माणूस हे सगळं ऐकतो, पण त्याच्या कानाला दोन पडदे फुटलेले असतात. एक गाणं ऐकतो, दुसरा खर्च. ड्रम्स वाजले की त्याला वाटतं, बरं झालं, वादक स्वस्तातला घेतला नाही. तिसऱ्या गाण्यात मागून एक वाद्य येतं तेव्हा तो गाडी बाजूला घेऊन बायकोला विचारतो, "हे ऐकलंस? हे आपल्याशिवाय आलं नसतं." बायकोला ते वाद्य ऐकू येत नाही. तो गाणं मागे नेतो. पुन्हा ऐकवतो. तिसऱ्या वेळेला तिला ते ऐकू येतं, निदान ती तसं म्हणते.

यावर हसावं, जरूर हसावं. पण फुकटात मिळालेलं गाणं दोन वेळा कोण ऐकतो? या माणसाने तोच अल्बम पुस्तिका हातात धरून, शब्दाला शब्द लावून, विराम मोजत ऐकलेला असतो. इतक्या बारकाईने ऐकणारा श्रोता एखाद्या कंपनीच्या मालकाने जन्मात पाहिला नसेल. कारण काहीही असो, कान शाबूत आहेत.

अल्बमच्या शेवटी 'द डोनर साँग' येतं. पाचशे आणि त्यावरच्या देणगीदारांची नावं जिलने त्यात खरोखर गायली आहेत. आडनावं यमकात बसवताना तिची जी तारांबळ उडते तोच त्या गाण्याचा विनोद. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवतात आणि पंखा सुरू झाला की ते दिसेनासं होतं. इथेही तेच, नाव येतं आणि पुढच्या नावाच्या वाऱ्यात उडून जातं. शंभर डॉलरवाला हे गाणं फार बारकाईने ऐकतो. यात आपलं नाव नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. तरीही ऐकतो. मग म्हणतो, "गाण्यात नाव घालणं मला थोडं उथळ वाटतं. टी-शर्ट कसा, रोज वापरता येतो."

देणगीदारांत आपसात जाती असतात त्या इथे दिसतात. पंचवीसवाला दहावाल्याला गिऱ्हाईक समजतो. शंभरवाला पंचवीसवाल्याशी प्रेमाने बोलतो, पण बसून नाही. पाचशेवाले एकमेकांना ओळखतात आणि कोणाचं यमक जास्त बरं जमलं यावर त्यांचं आतून पटत नाही. या साऱ्यांच्या वर, ढगात, इंग्लंडातल्या एक बाई आहेत. त्यांनी दहा हजार भरले, विमानाने आल्या आणि अल्बममध्ये गायल्या. त्यांचा विषय निघाला की सगळ्या जातींचे देणगीदार एक होतात आणि एकाच सुरात विचारतात, "पण आवाज कसा होता?"

२००८च्या उन्हाळ्यात या समाजावर मोठाच प्रसंग आला. केटी पेरी नावाच्या नव्या गायिकेचं गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्याचं नाव होतं 'आय किस्ड अ गर्ल'. तेच नाव, गाणं वेगळं. तेरा वर्षांपूर्वीची आपली गायिका चाहत्यांच्या वर्गणीतून अल्बम करते आहे आणि रेडिओवर दिवसरात्र तिच्याच गाण्याचं नाव घेऊन दुसरीच कोणी वाजते आहे! टॅक्सीत, सलूनमध्ये, केकच्या दुकानात, जिथे ते गाणं लागेल तिथे आपला माणूस रांगेतल्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणायचा, "हे ते नव्हे." समोरच्याला 'ते' कोणतं हे माहीत नसायचं. तरी तो सांगायचा. अंगात टी-शर्ट असला तर छाती थोडी पुढे करून सांगायचा. शंभर डॉलरचं चीज झालं ते त्या तीन महिन्यांत.

पुढे या जातीची संख्या बेसुमार वाढली. २०१२ मध्ये गायिका अमांडा पामरने किकस्टार्टरवर अल्बमसाठी जवळजवळ बारा लाख डॉलर उभे केले. देणारे चोवीस हजारांहून अधिक. दौऱ्यात तिने स्थानिक वादकांना पैशांऐवजी बिअर आणि मिठ्या देऊ केल्या तेव्हा बोभाटा झाला, आणि शेवटी तिने पैसे दिले. जुने देणगीदार त्यावर मान हलवत म्हणाले, "चोवीस हजार म्हणजे गर्दी झाली. आमच्या वेळी माणसं मोजकी होती." जिल सोब्यूल २०२५च्या १ मे रोजी मिनेसोटातल्या एका घराला लागलेल्या आगीत गेली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. वर्तमानपत्रांनी मृत्युलेखांत १९९५च्या गाण्याला मथळा दिला. देणगीदारांना हे आवडलं नाही. त्यांच्या मते मथळा २००८चा हवा होता.

तिथवर पोहोचेपर्यंत या माणसाने ठेचही खाल्लेली असते. चाहत्यांकडून कलाकारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या 'प्लेजम्युझिक'चं २०१९ मध्ये दिवाळं वाजलं; लोकांनी भरलेले पैसे कित्येक गायकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. बायकोने या बातमीचं कात्रण फ्रिजवर चुंबकाने लावलं. त्याने ते काढलं नाही, पण त्यावर दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली.

सध्या त्याची नजर एका नव्या मुलीवर आहे. युकुलेली वाजवते, भाडेकरू आणि घरमालक यांच्यावर गाणी करते, कंपनी नाही, मॅनेजर नाही. योजनेत सहा पायऱ्या आहेत. पन्नास डॉलरला आभार, शंभरला पिशवी. टी-शर्ट अडीचशेला, आणि पोट लक्षात घेता त्याला लागणारा डबल एक्स्ट्रा लार्ज फक्त त्याच पायरीवर. बायको म्हणते, पिशवी घे, भाजीला होईल. तो म्हणतो, पिशवीवर हुद्दा लिहिलेला नाही.