अंड्याला बरे दिवस

नागपूरच्या महालातल्या आमच्या वाड्यात अंड्याला स्वयंपाकघराची मुभा नव्हती. डॉक्टरांनी "पोरात ताकद नाही" म्हटलं, की हिवाळ्यापुरतं ते औषध म्हणून यायचं. तेही वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत मेथीच्या जुडीखाली. दुकानदार एकेक अंडं बल्बसमोर धरून तपासायचा. एवढ्या बारकाईने आमच्याकडे कुणी स्थळंही पाहिली नाहीत. उकडायचं मागच्या अंगणात, स्टोव्हवर, त्याच्यासाठीच ठेवलेल्या जर्मनच्या गंजात. टरफलं आजी गुलाबाच्या मुळाशी पुरायची. त्या गुलाबाची फुलं देवाला कशी चालतात, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिकडे १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी निघाली आणि अंड्याचा भाव रोज जाहीर व्हायला लागला. नागपूरचा दर आजही शेकड्यावर निघतो. मग दूरदर्शनने वार न पाहता रोज अंडं खायला सांगितलं आणि औषधाचा नाश्ता झाला. अर्थात सगळीकडे नाही. शनिवारी रात्री सावजीत अंडाकरीचा रस्सा ओरपून, नाक पुसत "आमच्या घरी चालत नाही" म्हणणारे या शहरात पुष्कळ. खोटं बोलत नाहीत बिचारे. सावजी घरात कुठे असतं?

आता धरमपेठेतल्या फ्लॅटवर अंडी मोबाईलवरून येतात, पारदर्शक डब्यात. कोंबडीने काय खाल्लं, हे लेबलवर छापलेलं. ती आणणारा पोरगा गेटवरूनच ओरडतो, "काकू, अंडे आहेत जी, सांभाळून घ्या!" तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा जप तेवढ्यापुरता थांबतो. घरात पुतण्या जिमहून येऊन पांढरं खातो नि पिवळं टाकतो. ज्यासाठी आम्ही अंगणात चोरून बसायचो, नेमकं तेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं; न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला. द्यायचंच तर लोकसहभागातून द्या म्हणे. आमच्या गावात गणपतीला वर्गणी मिळते, मारबतीला मिळते, शोभायात्रेला तर न मागता मिळते. अंड्याचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायला मी तयार आहे. फक्त श्रावण तेवढा सोडू, आणि जोशीकाकूंकडे पुतण्याला पाठवू.