मॅक्रोसर

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ठसका लागतो. मॅक्रोसरांना मात्र कोन दिसतात. ‘ही चाळीस अंशांत, ती एकशेदहात,’ असं पुटपुटत ते पथारीच्या कडेने फिरतात आणि परवानगी काढून ओंजळभर मिरच्या पिशवीत घालतात.

“हाई काय शे, सर?” एका व्यापाऱ्याने विचारलं. “तुमचं मशीन तिखटपणा सांगतं का?”

“नाही शेठ, लांबी-रुंदी.”

“ती तर मला इथूनच दिसते.”

“दशांश चिन्हाच्या पुढे दिसते का?”

शेठने मुकाट्याने आणखी एक ओंजळ दिली.

सर तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मिरच्या स्कॅनरच्या काचेवर मांडायच्या, वर पांढरा कागद ठेवायचा, आणि आलेलं चित्र इमेजजे नावाच्या प्रोग्राममध्ये मोजायचं, हा त्यांचा उद्योग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या वेन रॅसबँड यांनी १९९७ मध्ये आणलेला हा प्रोग्राम फुकट मिळतो. रॅसबँडांचं नाव सर गुरुपौर्णिमेच्या आवाजात घेतात. खरं तर रक्तपेशी मोजायला हा प्रोग्राम जास्त कामाचा, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचं दुखणं जुनं. पेशी गोल आहे की कोयत्यासारखी वाकलेली, हेही त्यात आकड्यात मांडता येतं. ते करायचं सरांच्या मनात आहे, पण आधी मिरची हाती लागू दे, म्हणतात.

त्यांचं मुख्य तत्त्व असं : चित्र फिरवायचं नाही, चौकट फिरवायची. तिरकी मिरची सरळ करायला चित्रच फिरवलं, तर नवे ठिपके संगणक अंदाजाने भरतो आणि कडा पुसट होतात. लांबी-रुंदी मोजायला मिरचीभोवती आखलेली निवडीची चौकट फिरवली तर चित्राला धक्काही लागत नाही. हे शंभर टक्के बरोबर आहे. पंचाईत एवढीच की सर ते घरीही पाळतात. हॉलमधला लग्नाचा फोटो कलला होता. “अहो, तेवढा सरळ करा,” असं वहिनी म्हणाल्या, तर यांनी आपली खुर्ची सरकवून मान तिरकी केली.

एकेका मिरचीवर हाताने चौकट बसवायचा मुलांना कंटाळा येतो, म्हणून सरांनी मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिला. आपण मेनूत जे जे दाबू, त्याच्या आज्ञा प्रोग्रामचा रेकॉर्डर लिहून देतो. त्यावरून मॅक्रो रचायचा. इथे एक खोडी आहे. चौकट फिरवायची आज्ञा म्हणजे ‘रोटेट’ आणि पुढे तीन टिंबं. चित्र फिरवायची आज्ञाही ‘रोटेट’ आणि तीनच टिंबं. फक्त शेवटी एक मोकळी जागा जास्त. एका विद्यार्थ्याचा अंगठा स्पेसबारला लागला आणि चौकट जागच्या जागी राहून आतल्या मिरच्याच गरकन फिरल्या. सर त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून प्रयोगशाळेत पाटी आहे : ‘मोकळ्या जागेत काहीही असू शकते.’ नवे विद्यार्थी ती भुताची समजतात.

दुसरी खोडी वजा चिन्हाची. रेषेचा कोन हा प्रोग्राम घड्याळाच्या उलट दिशेने मोजतो, पण फिरवताना चौकट घड्याळाच्या दिशेने नेतो. म्हणून मोजलेल्या कोनाला वजा लावावा लागतो. सरांनी मॅक्रोतच टीप घातली : ‘इथे वजा आहे. चुकून आलेला नाही. काढू नये.’ त्याखाली कुणीतरी लिहून ठेवलंय : ‘काढून पाहिला. सर खरं बोलतात.’

एवढ्या वेळात शिपाईमामांनी फुटपट्टीने अख्खी पथारी मोजली असती, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणोत. मॅक्रो पहिल्यांदा बिनचूक चालला तेव्हा सरांनी पेढे वाटले होते, आणि ते खाताना कुणी फुटपट्टीचं नाव काढलं नव्हतं.

सध्या अडलंय ते वाळताना गोल वेटोळं झालेल्या मिरच्यांपाशी. त्यांना धड दिशाच नाही. चौकट कितीही फिरवा, मिरची तशीच. सर त्या वेगळ्या पुडीत ठेवतात, वर ‘अपवाद’ लिहितात आणि विचार करायला घरी नेतात. वहिनी त्या फोडणीत टाकतात.