यंदा साक्ष पोरांनी दिली

"आलात का काकू शिबिराहून? मोगऱ्याला पाणी घातलंय हो मी."

"पाहिलं, बाई. बोलले असते लगेच, पण घसाच बसलाय. मंडळीचं उन्हाळी शिबिर म्हणजे रात्री अकरापर्यंत भजनं! शिवाय यंदा वाद. तरुण संघाची पोरं कीबोर्ड घेऊन आलेली, म्हाताऱ्यांना पेटी-तबला हवा. शेवटी पाळकसाहेबांनी वाटणी केली. सकाळ पोरांची, रात्र म्हाताऱ्यांची. आणि रात्री कीर्तन."

"तुमच्यात कीर्तन?"

"नगरला राहून हे विचारता, वहिनी? कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथंच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि रेव्हरंड टिळक? 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी काही सोडली नाही. आमच्या गाण्यांच्या पुस्तकात त्यांची शंभरावर पदं आहेत."

"'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंचे यजमान ना?"

"तेच. 1919च्या मे महिन्यात ते गेले, 'ख्रिस्तायन' अर्धंच राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, जिला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली तिनं! तिच्या आठवणी छापून आणायला मुलगा देवदत्त झटला, आणि पुढं नातू अशोकरावांनी टिपांसकट आवृत्ती काढली. हे मी नातीला सांगितलं, तर म्हणते, 'आज्जी, मग तू कधी लिहिणार?' आता काय बोलायचं!"

"आणि पोरं रमली का? उन्हाळ्यात मोबाइल सोडून?"

"सकाळी व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, असते ना त्यांची. हातवारे करून गाणी, चित्रं, पाठांतर. तेविसावं स्तोत्र न अडखळता म्हटलं की कंपासपेटी. आमच्या धाकट्यानं कंपासपेटी मिळवली आणि दुपारी तीच देऊन कुल्फी खाल्ली. पण खरी गंमत पुढंच आहे. ऐका.

"आमच्या गावचे एक आजोबा आहेत. दर वर्षी साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते उभं राहून सांगतात. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायचं काम, मिळालेली सुकडी, सगळं सगळं. वर्षानुवर्षं शब्दसुद्धा तोच. ते उठले की बायका लसूण सोलायला घेतात.

"यंदा उठले. आईपर्यंत आले. 'आईनं सुकडीचा डबा उघडला, आणि…' म्हणाले, आणि थांबले. पुढचं आठवेचना. मांडवात कुणी हलेना. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन निघाली, तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं ओरडलं, 'आणि आधी शेजारणीच्या लेकरांचा वाटा काढला!'"

"अगंबाई!"

"दुसरं म्हणतं, 'दोन मुठी काढल्या.' तिसरी म्हणते, 'दोन नाही, तीन! आणि मग प्रार्थना केली, आणि मगच आपल्या पोरांना वाढलं.' एकेक करत पोरांनी पार खडीपासून पावसापर्यंत सगळी साक्ष म्हणून टाकली. आम्हाला वाटायचं, ती मागं पत्त्यांत दंग असतात. आजोबा आधी गोंधळले, मग चिडले. म्हणाले, 'साक्ष माझी आहे का तुमची?' सगळा मांडव हसला, आणि तेही खाली बसून डोळे पुसायला लागले."

"खरंय. आमच्या सासूबाई हरिपाठ म्हणायच्या, तेव्हा मी भाजीच निवडत असायची. आज बघा, पुस्तक लागत नाही मला."

"तेच म्हणते मी. त्या शिबिरात प्रवचनं चांगलीच झाली. पण घरी येताना गाडीत विचारलं, तर त्यातलं पोरांना एक सांगता येईना. सुकडीचा डबा मात्र पाठ. सांगणाऱ्यानं कंटाळून चालत नाही, बाई. ऐकणारा कंटाळला तर कंटाळू द्यावा."

"पण काकू, शेवटी मुठी किती? दोन का तीन?"

"दोन."

"एवढ्या खात्रीनं?"

"ती शेजारीण म्हणजे माझी आई. दहा वर्षांची होते मी. एक मूठ माझी, एक भावाची."

"अहो, मग तिथं सांगितलं का नाहीत?"

"आजोबांची साक्ष चालली होती, मधे कसं बोलायचं? पुढच्या मेमध्ये उभी राहणार आहे मी. तुमच्या ह्यांची पेटी मिळेल का हो चार दिवस? नातीला पद बसवायचंय."

"न्या की. फक्त भाता जरा जपून दाबायला सांगा तिला, आणि मलाही बोलवा. तीन म्हणणारी ती पोरगी कोण, ते बघायचंय."